वर्गातली परिचर्या आणि वॉर्डातली परिचर्या

(आरोग्यक्षेत्रातील पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाची संपादित प्रत)

अभ्यासवर्गाच्या संयोजकांनी मला विषय दिला तो 'परिचारिकेचे शिक्षण आणि तिचे दैनंदिन काम' असा. तत्त्व आणि व्यवहार यांच्या संबंधाविषयी आपल्या शिबिरांतून पुष्कळ बोलले जाते आणि ते बहुधा ग्रंथांच्या आधारे बोलले जाते. आज मला तोच प्रश्न रुग्णालयाच्या वॉर्डातून मांडावयाचा आहे. मी आधी परिचारिका म्हणून आणि पुढे परिचर्या विद्यालयात शिक्षिका म्हणून काम केले. त्यामुळे वर्गात शिकवले जाते ते आणि वॉर्डात घडते ते, अशी दोन्ही जगे मला जवळून पाहता आली. या दोहोंत अंतर आहे हे प्रत्येक परिचारिका जाणते. नवी मुलगी ड्युटीवर आली की जुन्या सिस्टर तिला पहिल्याच दिवशी सांगतात, "पुस्तकातले पुस्तकात ठेव, इथे काम उरकावे लागते." हे वाक्य मी ऐकले आहे, आणि कबूल केले पाहिजे की पुढे मीही ते उच्चारले आहे. ते वाक्य आमच्या तोंडी कोण घालते, हाच आजचा प्रश्न आहे.

एका मिनिटाचा हिशेब

अगदी साध्या गोष्टीपासून सुरुवात करू. रोग्याचे तापमान, नाडी आणि श्वसन यांचा तक्ता पलंगाशी टांगलेला असतो. त्याला आम्ही टीपीआर म्हणतो. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा, आणि तो मोजला जात आहे हे रोग्याच्या ध्यानात येऊ देऊ नये, असे पहिल्या वर्षी शिकवले जाते. मनगट धरून नाडी मोजावी आणि मनगट तसेच हातात ठेवून नजर छातीकडे वळवावी. कारण आपला श्वास कोणी मोजतो आहे हे कळले की माणसाचा श्वास बदलतो. प्रौढ माणसाचा श्वास विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. शरीरात जंतुसंसर्ग पसरू लागला, हृदय थकले किंवा आतल्या आत रक्तस्राव होऊ लागला, तर पुष्कळदा रक्तदाब उतरण्याच्या आधी श्वास वाढतो. म्हणजे ही पहिली हाक असते.

आता वॉर्डात चला. चाळीस रोगी आहेत. प्रत्येकी एक मिनिट म्हटले तरी नुसत्या श्वासासाठी चाळीस मिनिटे लागतात. त्याच पाळीत इंजेक्शने द्यावयाची, सलाईन लावावयाचे, ड्रेसिंग करावयाचे, डॉक्टरांच्या राउंडमागे फिरावयाचे, स्टोअरचे इंडेंट भरावयाचे, रक्तपेढीशी टेलिफोनवर भांडावयाचे आणि नातेवाइकांची समजूत घालावयाची. पाळीवर परिचारिका एक किंवा दोन. अशा वेळी तक्त्यावर काय दिसते? २०, २०, २२, २०. अख्खा वॉर्ड एका लयीत श्वास घेतो! हे लिहिणारी मुलगी अप्रामाणिक नसते. तिने कामांची क्रमवारी लावलेली असते, आणि ज्या कामाची चूक लगेच उघडकीस येत नाही ते काम मागे पडलेले असते.

विद्यार्थिनी असताना मीही असे आकडे लिहिले होते. त्या पाळीला बरोबर असलेल्या जुन्या सिस्टरांनी माझा तक्ता पाहिला, काही न बोलता मला एका पलंगाशी नेले आणि म्हणाल्या, "यांच्याशी बोल." मी नाव-गाव विचारले. ते गृहस्थ दोन शब्द बोलत, थांबत आणि पुन्हा दोन शब्द बोलत. श्वास मोजला तो ३४ भरला. न्यूमोनिया पसरू लागला होता.

या प्रसंगाचा अर्थ पुष्कळजण असा लावतील की अनुभव हाच खरा गुरू आणि पुस्तके व्यर्थ. मला तो अर्थ मान्य नाही. सिस्टरांच्या नजरेला तो माणूस वॉर्डात शिरताच दिसला, आणि मला कारणे तोंडपाठ असूनही दिसला नाही, हे खरे. परंतु सिस्टरांनी त्याआधी डॉक्टरांना "त्यांचे काही ठीक वाटत नाही" असे कळवले होते, आणि त्यावर कोणी आले नव्हते. "श्वास ३४" असे सांगितल्यावर डॉक्टर आले. नजरेने रोगी शोधला. मोजणीने त्या नजरेला प्रमाण दिले. दोन्ही एकत्र आली तेव्हा त्या माणसावर वेळेत उपचार झाले. तत्त्व आणि व्यवहार यांची जोड म्हणतात ती हीच. ती दोन बायकांच्या सहवासातून घडली, आणि त्या सहवासाला त्या दिवशी योगायोगाने पाच मिनिटे मिळाली.

ज्ञान वॉर्डातही निपजते

आपल्याकडे अशी समजूत रूढ आहे की ज्ञान वर तयार होते आणि खाली उतरते. डॉक्टर आणि प्राध्यापक सिद्धांत मांडतात आणि परिचारिका त्याप्रमाणे हात चालवते. परिचर्येचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचे दिवा घेऊन फिरणारे चित्र सर्वांना ठाऊक आहे. तिच्या हातातली नोंदवही मात्र फारशी कोणी पाहिलेली नाही. १८५४ साली ती क्रिमियन युद्धातील जखमींसाठी स्कुटारीच्या रुग्णालयात गेली. तेथे सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मरत होते. १८५५ च्या मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता-आयोगाने गटारे उपसली, हवा खेळती केली आणि पुढे मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. याचा संपूर्ण अर्थ नाइटिंगेललाही मायदेशी परतल्यावर, मृत्यूंचे आकडे मांडून बसल्यावर उमगला. १८५८ मध्ये तिने ते आकडे आकृत्यांनी दाखवले, आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. रोग दूषित हवेमुळे होतात असे ती मानीत होती. जंतूंचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित व्हावयाचा होता. म्हणजे तिचे स्पष्टीकरण चुकीचे होते, तिची मोजणी अचूक होती आणि तिने काढलेला व्यवहार योग्य होता. प्रामाणिकपणे नोंदलेला व्यवहार अपुऱ्या सिद्धांतालाही मागे टाकून पुढे जाऊ शकतो.

दुसरे उदाहरण शय्याव्रणांचे आहे. रोगी दीर्घकाळ एकाच कुशीवर पडून राहिला की माकडहाड, कुल्ले, टाचा अशा हाडाळ जागी कातडी लाल होते, मग फुटते आणि जखम हाडापर्यंत जाते. कातडीला स्पिरिट चोळावे, पावडर लावावी, मालिश करावे अशी शिकवण पिढ्यानपिढ्या चालत आली. इंग्लंडमधील परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी सहकाऱ्यांसह वृद्ध रोग्यांचा पद्धतशीर अभ्यास करून १९६२ साली तो प्रसिद्ध केला. चोळण्या-लावण्याने काही साधत नाही, रोग्याची कूस वारंवार बदलल्याने साधते, हा त्याचा निष्कर्ष. कोणत्या रोग्याला धोका अधिक, हे ठरवण्यासाठी त्यांनी पाच गोष्टींना गुण देण्याची पद्धत काढली: प्रकृती, मनाची जागृती, चालणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा. प्रत्येकाला १ ते ४ गुण. बेरीज १४ किंवा कमी झाली तर सावध व्हावे. त्यासाठी यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. हे ज्ञान पलंगाशी उभ्या असलेल्या स्त्रीने, पलंगाशी उभे राहणाऱ्यांसाठी तयार केले.

आणि तिसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच आवारात अमानुष हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या अंथरुणाला खिळून होत्या. ४१ वर्षांहून अधिक काळ त्यांची शुश्रूषा त्या रुग्णालयातील परिचारिकांनी केली. इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाले नाही, असे रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले आणि २०११ च्या निकालात न्यायालयाने या परिचारिकांचा गौरव केला. ज्यांनी अरुणाताईंना कधी धडधाकट पाहिलेही नव्हते अशा मुलींनी ते काम मागच्या पिढीकडून हाती घेतले आणि पुढच्या पिढीला दिले. शय्याव्रणांविषयी पुस्तकात जे जे लिहिले आहे त्याचे याहून मोठे प्रात्यक्षिक मला ठाऊक नाही. मात्र हे एका सहकारिणीसाठी, निष्ठेच्या बळावर झाले. प्रत्येक अनोळखी रोग्यासाठी ते व्हावयाचे तर निष्ठा पुरणार नाही, मनुष्यबळ लागेल.

किती लागेल, याचा हिशेब करून पाहू. वॉर्डात अंथरुणाला खिळलेले सहा रोगी आहेत असे धरा. दर दोन तासांनी कूस बदलावयाची म्हणजे आठ तासांच्या पाळीत प्रत्येकी चार वेळा. एकूण चोवीस वेळा. एका वेळेस दहा मिनिटे, आणि हे काम एकटीने होत नाही, दोघी लागतात. चोवीस गुणिले दहा म्हणजे २४० मिनिटे, चार तास. दोघींचे मिळून आठ तास. म्हणजे सहा रोग्यांची कूस बदलण्यातच एका परिचारिकेची अख्खी पाळी खर्ची पडते. वर्गात हा धडा एका ओळीचा आहे. त्या ओळीमागे एक पगारी पद उभे आहे, हे मात्र पाठ्यपुस्तक सांगत नाही आणि अर्थसंकल्पही सांगत नाही.

दोन टोकांचे उपाय

हे अंतर मिटवण्याचे दोन उपाय आजवर झाले. पहिला उपाय मुलींना पहिल्यापासून वॉर्डातच राबवण्याचा. शिक्षणाच्या नावाखाली फुकट किंवा स्वस्त मजूर मिळत असल्याने रुग्णालयांना तो फार सोयीचा वाटला. अमेरिकेत १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने या प्रथेवर कडक टीका केली. विद्यार्थिनी दिवसभर हात चालवत, पण 'का' हे विचारण्याची उसंत त्यांना मिळत नसे. आपल्याकडेही रिकाम्या पदांचे काम विद्यार्थिनींकडून भागवून घेण्याची सवय अपरिचित नाही.

दुसरा उपाय शिक्षण महाविद्यालयात नेण्याचा. भारतात १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. ते आवश्यकच होते. त्याच वर्षीच्या भोर समितीच्या अहवालाने देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे दाखवून दिले होते. ब्रिटनमध्ये १९८९ पासून 'प्रोजेक्ट २०००' या योजनेने परिचर्या-शिक्षण रुग्णालयांतून उच्च शिक्षणाकडे वळवले. काही वर्षांतच नव्या परिचारिकांचे हात पुरेसे सरावलेले नाहीत अशी तक्रार झाली आणि प्रत्यक्ष कामाचा भाग पुन्हा वाढवावा लागला. आपल्याकडे तर या उपायाचे विडंबन झाले. स्वतःचे पुरेसे रुग्णालय नसलेली खाजगी महाविद्यालये निघाली. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाने तपासणी केली, तेव्हा अनेक परिचर्या महाविद्यालये निकषांना उतरत नसल्याचे आढळले. जेथे रोगीच नाही तेथे परिचर्या शिकवणे म्हणजे विहिरीवाचून पोहणे शिकवणे आहे.

दोन्ही उपायांत एक गोष्ट समान आहे. शिकवणारी आणि काम करणारी यांची फारकत दोघांनीही कायम ठेवली. शिक्षिका झाल्यावर मी स्वतः वॉर्डातले काम सोडले. ते सोडणे ही बढती मानली गेली. आणि माझ्याहून कितीतरी अधिक जाणणारी वॉर्डातली सिस्टर मुलींना शिकवीत असे ती आपल्या जेवणाच्या वेळेत. त्या शिकवण्याची नोंद कोठल्याही हजेरीपटावर होत नसे. अमेरिकन अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या दाखवल्या आहेत. परिचारिकांनी स्वतः सांगितलेल्या प्रसंगांवर त्यांचा अभ्यास उभा आहे. नवशिकी नियमाला धरून चालते, निष्णात परिचारिका प्रसंगाचे संपूर्ण रूप एकदम ओळखते. या पायऱ्या चढावयास वर्षे लागतात, एकाच प्रकारच्या रोग्यांमध्ये काढलेली वर्षे.

यावरून कंत्राटी नेमणुकांचा प्रश्न नव्याने समजून घेता येईल. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांच्या परिचारिकांनी बाह्यस्रोताद्वारे होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला. वृत्तपत्रांनी तो नोकरीच्या शाश्वतीचा प्रश्न म्हणून मांडला. तो तसा होताच. परंतु रोग्याच्या दृष्टीने तो ज्ञानाचाही प्रश्न होता. अकरा महिन्यांच्या करारावर येणारी मुलगी वॉर्ड ओळखू लागते न लागते तोच तिची मुदत संपते. तिच्याबरोबर तिचे शिकणेही दाराबाहेर जाते.

कोणाचे ऐकावयाचे?

आता एक अवघड मुद्दा. आपल्या समाजात डोक्याचे काम आणि हाताचे काम यांची वाटणी वर्गाने केली आहे, जातीनेही केली आहे आणि ती स्त्रीच्या पदरात बांधली आहे. परक्याच्या मलमूत्राला, रक्ताला, पुवाला हात लावणे हे काम हलके ठरले आणि ते करणारे हातही हलके ठरले. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात रोग्यांची सेवा करताना प्राण गमावले. देशातल्या पहिल्या पिढीतील एका शिक्षिकेने अखेरीस आजाऱ्याला उचलून नेले, या घटनेत विद्या आणि स्पर्श यांची फारकत नाकारलेली आहे. आपण सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालतो. त्या फारकतीला हात लावत नाही.

डॉक्टर परिचारिकेचे ऐकत नाहीत, ही आमची तक्रार रास्त आहे. पण आम्ही कोणाचे ऐकतो? रोग्याला अंघोळ घालणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या मावशींना पाठीवरचा लाल डाग सर्वांच्या आधी दिसतो. त्यांना तो सांगावयाची जागा कोठे आहे? आमच्या पाळीबदलाच्या वेळी, एकीकडून दुसरीकडे वॉर्ड सोपवला जात असता, मावशी दाराशी उभ्या असतात. ज्या उतरंडीविरुद्ध आपण तक्रार करतो तिची खालची पायरी आपणच सांभाळतो, हे परिचारिकांच्या संघटनांनी मान्य केले पाहिजे.

भाषेचीही उतरंड आहे. पदविका आणि पदवीचे पाठ्यग्रंथ बहुतांशी इंग्रजीत आहेत. रोगी सांगतो, "जीव घाबरा होतोय," "पोटात गोळा उठतो," "हातापायाला मुंग्या येतात." परिचारिका हे ऐकते मराठीत, आठवते इंग्रजीत आणि केसपेपरवर लिहिते त्या दोहोंच्या मधले काहीतरी. 'जीव घाबरा होणे' हे कधी भीतीचे असते, कधी हृदयविकाराचे. कोणत्या रोग्याने कोणत्या वेळी ते म्हटले, हे जुन्या सिस्टर ओळखतात. हे ज्ञान कोठेही लिहिलेले नाही. ते मराठीत लिहिले गेले पाहिजे.

मागण्या

तेव्हा आपण काय मागावे? पहिली मागणी संख्येची. भारतीय परिचर्या परिषदेने अध्यापन रुग्णालयांसाठी ३ खाटांमागे १ आणि इतर रुग्णालयांसाठी ५ खाटांमागे १ परिचारिका, शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव जागा, असे प्रमाण घालून दिले. शिफारस पाळली नाही तर कोणाला शिक्षा होत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात परिचारिकांच्या संघटनेने लढा देऊन १९९९ साली कायदा करून घेतला. २००४ पासून तो अमलात आला आणि २००५ पासून सर्वसाधारण वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचांहून अधिक रोगी देता येत नाहीत. युरोपातील नऊ देशांत झालेला एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांचा विचार होता. परिचारिकेकडे एक रोगी वाढला की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती ७ टक्क्यांनी घटलेली आढळली. संख्या आणि शिक्षण यांपैकी एकच काहीतरी निवडा, असे म्हणणाऱ्या प्रशासनाला हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून दाखवावेत.

दुसरी मागणी वेळेची. पाळीबदलाचा अर्धा तास आणि आठवड्यातून एकदा एका रोग्याविषयी वॉर्डातच चर्चा, ही दोन्ही कामाच्या तासांत धरली जावीत. त्या चर्चेत मावशीही बसाव्यात आणि डॉक्टरही. तिसरी मागणी शिक्षणाच्या रचनेची. शिक्षिकेने आठवड्याचे काही तास वॉर्डात रोग्याची प्रत्यक्ष शुश्रूषा करावी, आणि वॉर्डातील अनुभवी परिचारिकेला शिकवण्याचा मोबदला व दर्जा मिळावा. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला आहे. नव्या नियमांत या गोष्टी याव्यात यासाठी आपल्या संघटनांनी आताच निवेदने दिली पाहिजेत.

साथींनो, २२ मार्च २०२० रोजी देशाने टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. त्या मनापासून वाजवल्या गेल्या, याबद्दल मला शंका नाही. पण त्यानंतर पदे भरली गेली का, हे विचारणारे थोडेच निघाले. विचारणे हे आपले काम आहे. आपल्या तालुक्यातल्या शासकीय रुग्णालयात जा. मंजूर पदे किती, भरलेली किती आणि रात्रपाळीला प्रत्यक्ष हजर किती, एवढे तीन आकडे माहितीच्या अधिकारात मागा आणि चावडीवर लावा. आणि तेथे भरती असलेल्या कार्यकर्त्याला भेटावयास गेलात तर पलंगाशी टांगलेला तक्ता पाहा. त्यावर सगळीकडे २० लिहिलेले दिसले, तर सिस्टरांना दोष देऊ नका. त्यांच्या हातून गेलेले ते एक मिनिट कोणी घेतले, याचा शोध घ्या. ते परत मिळवून देण्यासाठी त्यांच्या शेजारी उभे राहा.